सरजाबाईंची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे, आणि मला फार राग आलेला आहे. म्हातारपणी एवढा राग बरा नव्हे म्हणतात. तरी ऐका.

लातूरच्या एका तांबटाच्या हातोड्याखाली मी घडले. वस्तीतल्या छोट्या चर्चने मला नाताळच्या जेवणासाठी करवून घेतले. वर्षातून एकदा माझ्यात पुलाव शिजायचा. बाकीचे दिवस मी कोठीत पालथी. मला चुलीवर चढवायच्या त्या सरजाबाई. त्या दवाखान्यात आया होत्या. नवरा गेल्यापासून कुणाशी हसून बोलत नसत. प्रार्थनेला शेवटच्या बाकावर बसत आणि सगळ्यांच्या आधी उठून जात.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. किल्लारीकडची गावेच्या गावे मातीत गेली. दवाखान्यात जखमींची रीघ लागली. सरजाबाई कोठीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "डेग द्या."

चर्चचे कारभारी दानिएल मास्तर चरकले. "बाई, ही मंडळीची डेग आहे. नाताळला काय करायचं?"

"मंडळीची हाय म्हणूनच मागून राहिले," त्या म्हणाल्या. "तिथं लोकं चिखलात बसलेत, आन् आपण नाताळचं बोलावं?"

ट्रकमधून मी गेले. गाव कसले, नुसते दगडांचे ढीग. सगळीकडे धूर होता, पण तो चुलींचा नव्हता. भर पावसात, ओल्या लाकडांवर सरजाबाईंनी खिचडी शिजवली. वीरण्णा नावाच्या शेतकऱ्याची बायको आणि लेक दोघीही ढिगाऱ्याखाली गेल्या होत्या. त्याने पुढे आलेली पत्रावळ उधळून दिली. "समदं गेलं आमचं. आता धरम बी न्यायला आलाव का?"

सरजाबाईंनी दुसरी पत्रावळ भरली. "न्यायला न्हाई आले, भाऊ. माझा बी माणूस गेलाय. आधी जेवा. मग पाहिजे तेवढ्या शिव्या द्या."

वीरण्णा खाली बसला. मग जेवला, आणि उठून माझ्या चुलीत लाकडे सारू लागला.

तेवढ्यात शहरातून एक पुढारी घोंगड्या घेऊन आला. फोटोवाला मागे राहिला होता, म्हणून त्याने लोकांना रांगेत भिजत उभे केले. चुलीतल्या आगीपेक्षा माझ्यातली आग मोठी झाली! सरजाबाई हातातला झारा घेऊनच त्याच्यावर धावल्या. "आधी पांघराया द्या त्यांना! फोटो मरू दे!" घोंगड्या निमूट वाटल्या गेल्या.

सगळ्यांची जेवणे झाल्यावर सरजाबाई माझ्या बुडाची करपलेली खरवड खात बसल्या आणि चक्क गुणगुणू लागल्या. "द्यायला आले, भाऊ," त्या वीरण्णाला म्हणाल्या, "आन् माझंच मन भरून राहिलं. घेण्यापरीस देण्यात जास्त सुख, हे येशूचं बोलणं कानानं लई ऐकलं होतं. आज कळलं."

पुढे लातूर बदलले. चर्चभोवती क्लास आणि वसतिगृहे उभी राहिली. डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो भिंतीभिंतींवर झळकले. मास्तरांनी मला चिंचेने लख्ख घासून काचेच्या कपाटात ठेवले. खाली पाटी लागली, 'भूकंपग्रस्तांची सेवा'. पाहुणे येत, माझे कौतुक करत. आणि कुंपणापलीकडे, त्याच वसतिगृहांच्या विटा वाहणारी किनवटकडची माणसे पत्र्याखाली राहत. त्यांच्या लेकरांचे रडणे मला काचेतून ऐकू येई. रिकाम्या भांड्याला भुकेले रडणे ऐकवावे, याहून वाईट शिक्षा नाही.

एका डिसेंबरात बांधकाम बंद पडले, मुकादम मजुरी बुडवून पळून गेला. नाताळच्या सकाळी, गाणे चालू असतानाच, सरजाबाई काठी टेकत चर्चमध्ये आल्या. बाकावर बसल्याच नाहीत. "मास्तर, डेग काढा."

"बाई, ती आता आठवण आहे आपली. खराब होईल."

काठी फरशीवर आपटली. "येशूनं भाकर मोडून वाटली, काचेत न्हाई ठेवली! बाहेर लेकरं उपाशी, आन् आत तुम्ही सेवेची पाटी वाचून राहिलाव?"

गाणे थांबले. मास्तरांनी मान खाली घालून कुलूप काढले.

सरजाबाईंनी माझ्यात हात फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला. बाहेरून मी झळकत होते, पण आतली कल्हई कधीच उडाली होती. कल्हई नसलेल्या तांब्यातले अन्न बाधते. इतकी वर्षे सगळ्यांनी फक्त दिसणारी बाजू घासली होती!

सरजाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी घरोघरची नाताळची पातेली मागवली आणि फाटक उघडले. त्या दिवशी मास्तर स्वतः वाकून वाढत होते. पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले, एका लेकराने तोच सदरा ओढून आणखी भात मागितला, आणि मास्तर हसले. मोठ्याने, मन भरून आल्यासारखे. मी मात्र भिंतीशी रिकामी, धुमसत उभी. त्या पंगतीत माझा एक घासही नव्हता.

मित्रांनो, सरजाबाई आता नाहीत. मला पुन्हा कल्हई झाली आहे, दर रविवारी मी चुलीवर चढते. तरी अधूनमधून कुणी म्हणतो, एवढी सुंदर डेग कपाटात शोभेल. मग माझा राग पुन्हा उसळतो. मला जपायचे असेल तर मला काजळी लागू द्या. भुकेल्याच्या दारापर्यंत मला न्या. मी जड आहे, एकट्याला उचलणार नाही. चौघे मिळून धरा.