मैदानावरचा एकोणिसावा

मी फळा आहे, पण जन्माने फ्रिजचं दार. ऑस्ट्रेलियातल्या विमेरा भागात, एका गहू पिकवणाऱ्या गावात, क्लेम आणि नोरीन टूहीच्या स्वयंपाकघरात माझी बारा वर्षं गेली. क्लेम गावच्या संघात लंबगोल चेंडूचं फुटबॉल खेळायचा. दर शनिवारी डोक्यावर मार खाऊन यायचा. नोरीन गोठलेल्या मटारची पिशवी त्याच्या कपाळावर धरायची.

"आज कुणाचा गुडघा?"

"आठवत नाही," म्हणून तो हसायचा. मलाही तो विनोदच वाटायचा.

पुढे फ्रिज बंद पडला, क्लेमचे पायही थकले. तो प्रशिक्षक झाला. मला बिजागऱ्यांतून काढून त्याने माझ्यावर हिरवं मैदान रंगवलं. प्रत्येक खेळाडूच्या नावाचं एक चुंबक. मैदानात अठरा, बाकावर चार. क्लेम चुंबक हलवायचा आणि निरोप्या बिल स्कली धावत जाऊन खेळाडू बदलायचा.

गेल्या वर्षापासून तो नावं विसरू लागला. माझ्यावर वाचून हाका मारायचा.

"क्लबला सांगून टाक की," नोरीन म्हणाली.

"अंतिम सामना होऊ दे. नाहीतर आजच घरी बसवतील."

अंतिम सामन्यात आम्ही चाळीस गुणांनी पुढे होतो. क्लेमने लेन डोर्नचं चुंबक उचललं, त्या जागी दुसरं लावलं आणि बाकावरच्या पोराला आत पाठवलं. लेनला बाहेर बोलवायचं बिलला सांगायचंच राहिलं. पलीकडच्या कप्तानाने पंचांकडे मोजणी मागितली. पोरं ओळीत उभी राहिली. एकोणीस भरली. मग काय, नियमाप्रमाणे आमचे सगळे गुण पुसले गेले.

मला वाईट वाटलं असंही म्हणवत नाही. नुसता बधिर झालो.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत क्लेम माझ्याकडे बोट दाखवत राहिला. "मोजा ना. अठराच आहेत."

अठराच होते.

लेन उठला. "कोच, बिलने मला बोलावलं होतं. मीच आलो नाही."

बिल खाली बघत राहिला. क्लेमने मान डोलावली असती तर सगळं तिथेच निभावलं असतं.

"खोटं बोलू नकोस," क्लेम म्हणाला आणि पोराचं नाव घ्यायला माझ्याकडे वळला. ते माझ्यावर नव्हतं. त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरा, मला तुझं नाव आठवत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या नोरीनने पुढे येऊन त्याची मूठ उघडली. चुंबक आतच होतं.

आता मी त्यांच्या शेडमध्ये भिंतीला टेकून असतो. एकवीस चुंबकं नव्या प्रशिक्षकाकडे गेली. एक क्लेमच्या खिशात आहे. ते मागायला मात्र कुणी येऊ नका.