वळवात वाहून गेलेला साकव

सावळीने कमळाकरच्या मोटारसायकलचा मागचा कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ठेवला. गाडी चालू होती, धूर थेट तिच्या तोंडावर येत होता, पण बाई हटायला तयार नव्हती.

"सोडा सावळीबाई. हार आणायचेत मला. साहेब अर्ध्या तासात येतील."

"आमच्या पाड्याचं नाव कुठं हाय ते दाखव, मग जा."

तिच्या काखेत हिरव्या कव्हरची पुस्तिका दाबून धरलेली होती. आमदारसाहेबांचा उन्हाळी वृत्तांत, मे दोन हजार एक. विधानसभेचे अधिवेशन संपले की साहेब असा वृत्तांत छापून काढत, वर्षातून तीनदा, आणि टोकावड्याच्या बाजारात मांडव घालून स्वतः वाचून दाखवत. लिहायचा मात्र त्यांचा कार्यकर्ता कमळाकर. मांडव त्याचा, हार त्याचे, माणसे जमवायची तीही त्यानेच. साहेबांना कुठल्या पाड्यात काय झाले ते त्याच्या हस्ताक्षरातून कळे.

सावळी ग्रामपंचायतीत खैरपाड्याची सदस्य होती. तिसरीपर्यंत शिकलेली, त्यामुळे आपल्या पाड्याचे नाव तिला नजरेने ओळखता येई. सकाळपासून तिने पुस्तिका दोनदा पालथी घातली होती. खैरपाडा नव्हता.

"झालेल्या कामाचं नाव परत येत नाही," कमळाकर म्हणाला. "तुमचा ओढ्यावरचा साकव हिवाळी वृत्तांतात येऊन गेला. पूर्ण म्हणून."

"कुठं हाय रे साकव? दोन गाड्या रेती टाकली नि मानसं गेली ती गेलीच."

"मग उभं राहून कोण बोललं?"

तीच बोलली होती. साहेबांच्या सभेची रीतच होती तशी. साहेब गावाचे नाव आणि काम वाचत, त्या गावचे माणूस उठून हात जोडे आणि मोठ्याने म्हणे, "झालं." मग सगळे टाळ्या वाजवत. काम झालेले असो वा नसो, माणसे म्हणत, कारण म्हटले की काम सुरू होते असे कमळाकरने सगळ्यांच्या डोक्यात भरवून दिले होते. काही वेळा ते खरेही ठरे. एकदा छापून आले, होकारही मिळाला, की साहेब ठेकेदाराला फैलावर घेत आणि उशिरा का होईना, काम उभे राही. म्हणून गेल्या पौषात सावळीही उठली आणि ठसक्यात "झालं" म्हणाली. टाळ्या तिला गोडही लागल्या होत्या. आता त्या आठवल्या की अंगावर काटा येई.

खैरपाड्यात जायला एकच वाट होती आणि ती ओढ्यातून जाई. आषाढात ओढा भरला की पाडा चार महिने तुटे. म्हणून दर मेमध्ये चार महिन्यांचे रेशन एकदम येई. ट्रक सडकेला थांबे आणि बाया पोती डोक्यावरून पाड्यात नेत. दिवस भरत आलेल्या बायांची नावे नर्सबाई लिहून घेई आणि त्यांना पाऊस लागण्याआधी मुरबाडला हलवी. ही सगळी कृपा पावसात तुटणाऱ्या गावांच्या यादीमुळे. छापलेला वृत्तांत आणि सभेतला होकार वर गेला, खैरपाड्याला साकव आहे असे ठरले आणि यादीतून पाड्याचे नाव उडाले. हे कळले तेव्हा सावळीच्या तोंडचे पाणी पळाले. तिची सून भिमी आठव्या महिन्यात होती. घराघरातल्या कणग्या तळाला गेलेल्या होत्या.

"सुनंचं पोट बघ येऊन एकदा," ती म्हणाली. "आनि पाड्यातली पोरं बघ. तुज्या पाया पडते, कमळाकर."

तिने खरोखरच कॅरिअर सोडला आणि वाकली. बाजारातली दोन माणसे वळून पाहू लागली. कमळाकरने घाईने गाडी बंद केली.

"उठा, उठा. काय करता भरबाजारात." त्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "नाय झाला असं आता बोलता येणार नाही. साहेब खोटे पडतात आणि तुम्हीपण. पण झालेला साकव मोडू शकतो."

सावळीला काही उमजले नाही.

"परवा वळीव झाला ना? त्यात वाहून गेला म्हणायचं. सभेत उठून सांगायचं, मी लगेच तसा अर्ज लिहितो. साकव गेला की गाव तुटलं, गाव तुटलं की यादीत नाव. सोमवारी गाडी सडकेला."

"पन जो नायच तो..."

"ते तुम्हाला आणि मला ठाऊक. आणि हे बघा, एकच गाव. एक साकव गेला तर वरचे डोळे मिटून घेतात. दोन गेले की चौकशी लागते, इंजिनीअर येतो, पंचनामा होतो. तोवर श्रावण उजाडेल. कुणाला बोलू नका."

परवाच्या वळवाने धूळसुद्धा नीट बसली नव्हती. तरी सावळी मान हलवून मोकळी झाली. तिला त्या क्षणी कोणी ओढाच वाहून गेला म्हण असे सांगितले असते, तरी ती म्हणाली असती.

मांडवात ती बायांच्या पुढच्या रांगेत बसली. पलीकडे पुरुषांत चाफेपाड्याचा देवराम होता. खैरपाड्याची वाट आणि चाफेपाड्याची वाट सडकेवरून एकाच ठिकाणी फुटत, आणि दोन्ही वाटांना आपापला ओढा; चाफेपाडा अजून त्या यादीत होता. चाफेपाड्याचा साकव या उन्हाळी वृत्तांतात पूर्ण म्हणून छापला होता. तिथे तर रेतीही पडलेली नव्हती. सकाळी जीपमधून येताना सावळीनेच त्याला कळवळून सांगितले होते, "भाऊ, आमी चुकलो तसं तुमी चुकू नका. झालं बोलू नका. दाना तुटतो."

साहेब आले, हार झाले. साहेब माणूस गोड बोलणारा, घामेजलेला, कुणाच्या पोराच्या गालाला हात लावल्याशिवाय पुढे न जाणारा. कमळाकरने त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. साहेबांचा चेहरा लगेच पडला.

"वृत्तांताआधी एक वाईट बातमी आहे," ते माइकवर म्हणाले. "खैरपाड्याच्या ताई, उठा."

सावळी उठली.

"साकव... वळवात वाहून गेला, साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. मांडवातूनही चुकचुकल्याचा आवाज आला. त्यात निम्मी माणसे त्या वाटेने गुरे नेणारी होती, तिथे काय आहे आणि काय नाही हे पुरते जाणणारी. तीही चुकचुकली. सावळीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कुणी सापडलं नाही ना त्यात?"

"नाय."

"देवाची कृपा. कमळाकर, आजच लिही. धान्य सोमवारी गेलं पाहिजे. बसा ताई."

ती बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. सोमवार. फक्त सोमवारपर्यंत श्वास धरायचा. साहेब वाचत गेले; बोअरवेल, शाळेची खोली, स्मशानशेड. माणसे उठत होती, झालं म्हणत होती, टाळ्या पडत होत्या. तिचे लक्ष नव्हते.

"चाफेपाडा. साकव, पूर्ण."

देवराम उठला. हात जोडले. आणि बायांच्या पुढच्या रांगेकडे पाहिले.

"बोला देवरामभाऊ."

"आमचाबी ग्येला, साहेब," देवराम म्हणाला. "त्याच वळवात."

मागून कोणीतरी हसले आणि गप्प झाले. कमळाकरची पेन्सिल थांबली. त्याने साहेबांकडे पाहिले नाही. सरळ सावळीकडे पाहिले. देवराम काय चुकीचे करत होता? तिने दाखवलेल्या वाटेनेच चालला होता. त्याच्याही पाड्यात पोरे होती. पण दोन गेले की चौकशी. इंजिनीअर येणार, ओढ्यातले दगड मोजणार, आणि खैरपाड्याचा खोटा साकवही उघडा पडणार. भिमीला आषाढात कळा लागणार आणि समोर ओढा भरून वाहत असणार.

"एकाच वळवात दोन साकव?" साहेब हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "ताई, तुम्ही शेजारच्या. यांच्या वाटेनं येणंजाणं असेल तुमचं. सांगा बरं, चाफेपाड्याचा साकव गेला का?"

सावळी पुन्हा उठली. देवराम तिच्याकडे आशेने पाहत होता. त्या आशेचाच तिला राग आला. ती आशा नसती तर बरे झाले असते.

"नाय," ती म्हणाली. "उभा हाय. मी कालच त्यावरनं आले."

देवरामचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मग? देवरामभाऊ?"

"ताई बोलली तसंच," तो म्हणाला. मग हळू आवाजात त्याने "झालं"ही म्हटले. टाळ्या पडल्या. कमळाकरने पान उलटले.

परतीच्या जीपमध्ये देवराम मागे लोंबकळत उभा राहिला. आत जागा असूनही तो बसला नाही. सावळीने त्याच्याकडे पाहायचे टाळले, पण वाट फुटते तिथे दोघांनाच उतरावे लागले. जीप धूळ उडवत निघून गेली. ऊन अजून कलले नव्हते.

ती चार पावले आपल्या वाटेने गेली आणि थांबली. न बोलता जाणे तिला जमेना.

"भाऊ, माजी सून..."

"ठावं हाय मला." देवराम खाली पाहत होता. शिवी द्यावी, निदान थुंकावे, असे तिला वाटले. त्याने तसले काही केले नाही. "दान्याची गाडी कदी येतीय?"

"सोमवारी. हितंच थांबंल."

"पाड्यापरेंत पोती न्यायला मानसं लागतील तुमाला. आमच्या बाया पाठवतो."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "येऊ देत. मजुरी देऊ की, काय होईल ती."

"पैशे नको, वयनी." देवरामने टोपी काढून तोंड पुसले आणि पुन्हा घातली. "दान्यातच द्या. मापटं, दोन मापटी, काय पडंल ते."

"किती बाया येतील?"

"सगल्या," तो म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. थोडा पुढे जाऊन वळला. "म्हाताऱ्यापन येतील. त्यांना 'नको' बोलू नका. त्यांनापन उचलू द्या."