खिशातली नळी

किडलेली दाढ. वाचणार नाही.

अक्कलदाढ. धडधाकट, पण कोपऱ्यात बिनकामाची.

घड्याळ दुरुस्तीचं दुकान. रोज एक तरी गिऱ्हाईक बजावतं, "जुना पार्ट परत द्यायचा हं!"

मोबाईलवरचा मेसेज : दवाखान्यात जास्तीचं रक्त काढून विकतात. पुढे पाठवा.

रक्ताने भरलेली नळी, घड्याळजीच्या खिशात.

रक्त त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीचं. दातांचे डॉक्टर तिची किडलेली दाढ काढून त्या जागी तिचीच अक्कलदाढ बसवणार होते. मग दाताच्या कामाला हातातलं रक्त कशाला? सहायक बाई फोन घ्यायला वळल्या आणि त्याने ट्रेमधली नळी उचलली. बाहेरच्या लॅबमध्ये दाखवू. बघू काय गौडबंगाल आहे!

तो दारापर्यंत पोचला.

"दादा, नळी द्या," मागून बाईंचा आवाज.

"कसली नळी?"

"खिसा दाबून धरलाय ना, ती. तिकडे पोरीची किडकी दाढ निघाली. डॉक्टर खोळंबलेत."

"आधी सांगा, रक्त कुणाला विकता?"

बाईंना हसू आलं. "दोन चमचे रक्त कोण घेणार हो? आत या, डोळ्यांनी बघा." नळी हातात घेताच मात्र हसू मावळलं. "खिशात फिरलेली नाही चालायची. पुन्हा टोचावं लागेल."

तोंड बधिर झालेल्या मुलीने मुकाट हात पुढे केला. घड्याळजीने मान फिरवली.

नळी यंत्रात गरगरली. बाहेर आली तेव्हा खाली लाल, वर पिवळसर.

"या वरच्या थरात प्लेटलेट जास्त," बाई म्हणाल्या. "जखम भरायला मदत होते. तिचंच रक्त, तिच्याच हिरडीत."

"म्हणजे दाढ रुजणारच?"

"हमी नाही. पण अक्कलदाढ काढली की मुळावरचा पापुद्रा सुकायच्या आत बसवावी लागते. ती काढल्यावर नळी पळवली असतीत, तर दाढ हातची गेली असती!"

"मग हे आधी का नाही सांगितलं?" तो उसळला.

बाई म्हणाल्या, "चुकलंच आमचं. सही घेतली, समजावलं नाही. पण दादा, तुम्हाला विचारता आलं असतं की!"

मुलीच्या हातावर आता कापसाचे दोन बोळे होते. दुसरा त्याच्यामुळे! त्याने खाली वाकून तिची माफी मागितली.

मंडळी, संशय येणं हा गुन्हा नाही. पण ज्याच्यावर आहे त्यालाच, तिथल्या तिथे विचारा. आणि दुसऱ्याच्या अंगाला सुई लावणाऱ्याने न विचारताही सांगावं.

पहिल्यांदा रक्त काढताना मुलीने विचारलं होतं, "बाबा, हे कशाला?" तो म्हणाला होता, "गप्प बस. डॉक्टरांना असं विचारत नसतात."