माझ्या काचेवरचं शेवटचं नाव

मित्रांनो, एके काळी जून उजाडला की माझ्या काचेवर शेकडो बोटांचे ठसे उमटत. हल्ली काच वर्षभर स्वच्छ असते आणि खरं सांगायचं तर त्या स्वच्छतेचाच मला कंटाळा आला आहे. मी एक जुना सूचनाफलक आहे. सध्या लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, गुणाजींच्या दाराबाहेर टांगलेला असतो.

माझा जन्म कॉटन ग्रीनचा. वखारीतलं सागवान निवडून सुताराने माझी चौकट केली, आत पिना टोचायला हिरव्या बनातीचं जाड कापड ठोकलं, पुढे काचेचं दार आणि टीचभर कुलूप लावलं. माटुंग्याच्या बाजूला एक सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज आहे. तिथे शिरायला अख्ख्या मुंबईची झुंबड. त्या कॉलेजची प्रवेशयादी लागायची ती माझ्यावर, आणि लावायचे शिपाई गुणाजी. पिना तोंडात धरून ते कागद सरळ करत, तोवर मागे दोनशे माणसं श्वास रोखून उभी. मग बोटं काचेवरून खाली सरकत. नाव सापडलं की बोट थांबे. ज्यांचं नसे त्यांचं बोट तळापर्यंत जाई, आणि पुन्हा वरून सुरुवात करी. तेव्हा मी मोठा मिजासखोर होतो. वाटायचं, ही सगळी मलाच बघायला येतात.

तीस वर्षं याद्या लावून गुणाजींना एक नजर आली होती. यादी पहिल्या फेरीत कुठे अडते, दुसऱ्या फेरीत किती उतरते, तिसऱ्या फेरीत कुणाला घेऊन थांबते, सगळं तोंडपाठ. प्राध्यापकांची मुलंसुद्धा हळूच विचारत, "गुणाजी, माझं होईल का हो?" गुणाजी गुण विचारत, माझ्याकडे एकवार बघत आणि सांगून टाकत. सहसा चुकत नसत. वर एक सल्ला सगळ्यांना ठरलेला: मिळते ती जागा आधी हातात धरा, मग पुढच्या यादीत वर सरकायची वाट बघा.

पुढे याद्या मोबाइलवर गेल्या आणि मी अडगळीत. निवृत्तीच्या दिवशी गुणाजींनी मला मागून घेतलं आणि टॅक्सीच्या टपावर बांधून घरी आणलं. घरी दुसरं कुणी नव्हतंच. सुरुवातीला चाळीतली मुलं विचारायला येत. मग शक्यतासुद्धा मोबाइलच सांगू लागला. गुणाजी रोज माझी काच पुसत आणि समोर खुर्ची टाकून बसत. कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून रेडिओ हळू लावत. हाक काही येत नसे.

गेल्या वर्षी ती आली. शेजारची सुचित्रा परळच्या इस्पितळात आया आहे, तिची मुलगी रुचा. लहानपणापासून तिला तेच कॉलेज हवं होतं.

"आबा, मोबाइल बोलतो चौतीस टक्के चान्स. म्हणजे मी काय समजू? होणार की नाही?"

गुणाजींना चष्मा सापडेना, इतकी त्यांची धांदल उडाली. चार दुपारी दोघं बसली. मागच्या पाच वर्षांचे आकडे ती वाचून दाखवी, ते लिहून माझ्यावर टाचत. किती वर्षांनी मला पिना टोचत होत्या! शेवटी ते म्हणाले, "पयल्या यादीत नाय, दुसऱ्यात पण नाय. तिसऱ्यात तुझा नाव येतला. लिहून ठेव गो."

मग अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची वेळ आली. रुचा मनातलं कॉलेज पहिलं लिहायला गेली, तर गुणाजींनी अडवलं. "थांब. हातात येतला ता पयला लिही. ठाण्यापलीकडचा घाल वर. तिसऱ्या यादीक वर सरकूया."

"पण आबा, हवं ते वर टाकायचं असतं ना?"

"तीस वर्सं याद्या लावल्यात मी."

मग तिने गुणाजींनी सांगितलं तसंच भरलं. मलाही ते बरोबरच वाटलं होतं. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं?

पहिल्याच फेरीत ठाण्यापलीकडचं कॉलेज मिळालं. मजल्यावर पेढे वाटले गेले. संध्याकाळी रुचा नियम वाचत बसली आणि तिचा चेहरा उतरला. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की तीच पक्की, पुढच्या फेऱ्यांत नाव नाही.

"म्हणजे वर सरकूक मिळाचा नाय?" गुणाजींनी विचारलं.

"नाही, आबा. लॉक झालं."

तिसऱ्या फेरीत सरकारी कॉलेजची यादी रुचाच्या गुणांच्याही खाली उतरली. गुणाजींचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. सुचित्रा भांडली नाही. फक्त तिच्याकडून रोज येणारी भाजीची वाटी यायची थांबली. गुणाजींनी माझ्यावरचे सगळे कागद काढले आणि मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. दहा महिने मी नुसता चुना बघत होतो.

या मे महिन्यात त्यांनी मला पुन्हा फिरवलं, काच पुसली आणि एकच कागद लावला. ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'हवं ते कॉलेज पहिलं लिहा. पहिलं मिळालं की पुढे सरकता येत नाही. मी एका मुलीला उलटं सांगितलं. तिची जागा माझ्यामुळे गेली. गुणाजी.'

पोरं मोबाइलमध्ये बघत समोरून जात. कुणी थांबलं नाही. एका रविवारी रुचा थांबली. तिने कागद वाचला. तिचं बोट काचेवरून खाली गेलं आणि पुन्हा वर आलं.

"आबा, चावी द्या."

गुणाजींनी तिच्याकडे न बघताच दिली. तिने काचेचं दार उघडून त्याच कागदावर खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे आपले गुण, आणि त्याखाली तिसरी यादी जिथे थांबली तो आकडा.

"नाव असलं की लोक वाचतात," ती म्हणाली.

"रागावलंस माझ्यार?"

"हो. अजून आहे राग." चावी त्यांच्या हातात देऊन ती घरात गेली.

मित्रांनो, जुन्या माणसाला विचारायला जरूर जा. तो तुमची वाटच बघत असतो. पण जाताना नवा नियम त्याला वाचून दाखवा, कारण तो त्याला कुणी सांगितलेला नसतो.

गुणाजी आता पुन्हा रोज काच पुसतात, पण रुचाच्या बोटाचा ठसा तेवढा राखून. माझ्यावर हजारो नावं लागली. ती माणसं यादी बघून गेली, ती परत कधी आली नाहीत. हे एकच नाव ठाण्यापलीकडे जायला रोज पहाटे पावणेसहाला माझ्यासमोरून जातं, आणि गुणाजी दाराआड उभे राहून त्याची पावलं ऐकतात.