चार बोटं उंच

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. माझ्याकडे नीट पाहिलंत तर एक गोष्ट तुम्हाला खटकेल. माझं सगळं अंग काळपट आणि गुळगुळीत आहे, पण चारही पायांची टोकं मात्र नवी, पांढुरकी दिसतात. ती तशी का, हेच मला सांगायचं आहे. सांगताना मध्येच आवाज जड झाला तर समजून घ्या. लाकडाला वाईट वाटत नाही असं म्हणणाऱ्यांनी कधी बावीस वर्षं एकाच माणसाचा भार उचललेला नसतो.

दाराच्या एका चौकटीतून जे लाकूड उरलं, त्यातून माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. मिस्त्रींचा एक नेम होता. खुर्ची असो की बाक, गिऱ्हाइकाला ते आधी एका उपड्या खोक्यावर बसवत, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावत आणि मगच करवत हातात घेत. "अंदाजपंचे काम माझ्याकडे होत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगत.

हा नेम त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो नेमका माझ्या वेळी. मला ते आपल्या बायकोसाठी करत होते आणि तिला आधी कळू द्यायचं नव्हतं. मग तिचं माप घेणार कसं? त्यांनी स्वतःच्याच गुडघ्याला टेप लावला, मनाशी काहीतरी कमी केलं आणि माझे पाय कापले. मिस्त्री ताडमाड उंच. बायको त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. त्यांनी कमी केलं खरं, पण पुरेसं नाही.

ती कापडाचे ससे शिवायची. गल्लीतली मुलं तिला ससेमावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. घरामागच्या लहानशा खोलीत जमिनीवर फतकल मारून ती काम करायची. उठताना भिंतीला हात टेकायची. ते पाहूनच मिस्त्रींनी मला करायला घेतलं होतं. सलग आठ दिवस रोजचं काम संपल्यावर ते माझ्यासाठी थांबले. काचकागद घासून घासून त्यांच्या बोटांची सालं निघाली.

पहिल्या दिवशी मावशी माझ्यावर बसली आणि साडीच्या घोळात कोणाला न दिसता तिचे पाय हवेत राहिले. जमीन चार बोटं खाली होती. मला ते लगेच कळलं, कारण तिच्या मांड्यांचा सगळा भार माझ्या पुढच्या कडेवर आला.

"बसायला बरं आहे ना?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांच्या भुवयांवर अजून भुसा होता.

मावशीने त्या भुशाकडे पाहिलं, बोटांच्या सालांकडे पाहिलं. "झकास आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, मीही तेव्हा फुशारून गेलो. इथूनच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, त्यात चिंध्या ठासून भरल्या आणि तो पायांखाली घेतला. डबा बरोबर चार बोटं उंच होता. पण मिस्त्रींच्या चपला दाराशी वाजल्या की ती टाचेने डबा टेबलाखाली सारायची आणि पाय अधांतरी ठेवून शिवत राहायची. एकदा त्यांनी विचारलंही, "कसला गं आवाज झाला?"

"कात्री पडली," मावशी म्हणाली. त्या घरात कात्री फार वेळा पडायची.

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. एकदोन दिवसांत सांगू, असं ती म्हणत राहिली. पण मिस्त्रींना तोवर त्या खोलीचं वेडच लागलं होतं. बायकोला काम करताना कसलाही त्रास होऊ नये, हा एकच ध्यास. त्यांनी कोपरापर्यंत येईल असं टेबल केलं. हात लांब केला की रिळं मिळतील अशी फळी ठोकली. मान न वाकवता टाका दिसेल असा, हवा तिकडे वळणारा दिवा बसवला. खिडकी रुंद केली. आणि ही सगळी मापं त्यांनी कशी घेतली ठाऊक आहे? मावशीला माझ्यावर बसवून. या खेपेला टेप अगदी चोख लावला. माझ्या एका चुकीवर त्यांनी पूर्ण खोली उभी केली.

"आता बोलले तर सगळी खोली उचकटावी लागेल रे," मावशी एका अर्धवट सशाला म्हणाली. सशाला अजून कान लावायचे होते. ऐकलं ते मी.

लोक खोली बघायला यायचे. शेजारीण दारात उभी राहून आपल्या नवऱ्याला म्हणायची, "बघा, याला म्हणतात हौस!" मग तो बिचारा माझ्यावर हात आपटून बघायचा आणि मी जरासुद्धा हलायचो नाही. "इतकी वर्षं झाली, एक पाय डगमगला नाही," मिस्त्री अभिमानाने सांगायचे. मला वाटायचं, माझ्यासारखं मीच.

आज त्याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एक पाय जरी मी डगमगू दिला असता, तर मिस्त्रींनी मला उलटं करून टेप लावला असता. मग मावशीचं मापही निघालं असतं. पण मी आपला खंबीर! शाबासकीच्या नादात मी कडेने तिच्या मांड्या दाबत राहिलो.

आधी तिच्या पायांना मुंग्या यायच्या. ती उठून दोनदा पाय झटकायची आणि परत बसायची. मग उजवी पोटरी दुखू लागली. मग टेबलाला धरल्याशिवाय उठता येईना. मिस्त्रींनी काळजीने विचारलं तर म्हणाली, "वय झालं आता, दुसरं काय?" त्यावर मिस्त्रींनी काय करावं? माझ्यावर दोन बोटं जाड गादी बसवली! म्हणजे बिचारी आणखी दोन बोटं वर गेली. डबाही मग पुरेना. त्या गादीचंही तिने कौतुक केलं.

मुलांच्या दवाखान्यात दर वर्षी तिचे तीस ससे जायचे. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या उशाशी एक. यंदा सोळाव्या सशाला शेवटचा टाका घालून ती उठायला गेली आणि उजवा पाय तिला जाणवलाच नाही. ती टेबलाला धरत धरत खाली बसली. सुई तशीच बोटांत होती.

तिची लेक दुसऱ्या गावाहून धावत आली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं. मांडीमागची नस वर्षानुवर्षं दबत आली होती. थोडी सुधारेल, पूर्ण नाही. तासन्‌तास बसून शिवणं आता बंद.

"आणि माझे चौदा ससे?" मावशीने विचारलं. तिला रडू आलं ते तेव्हाच.

"मी शिवते की. तू सांग, मी टाके घालते," लेक म्हणाली आणि माझ्यावर येऊन बसली.

लेक उंचीने आईवर गेलेली. तासाभरात तिने दोनदा पाय झटकले. मग तिने खाली वाकून पाहिलं, आईचा डबा दिसला तो पुढे ओढला. डब्याच्या झाकणावर दोन खळगे पडले होते. कडेवर पुढे सरकून तिने आपल्या टाचा त्यात ठेवल्या. त्या बरोबर बसल्या.

"आई, तू यावर बावीस वर्षं कशी बसलीस गं?"

मिस्त्री नेमके दारात उभे होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, लेकीच्या पायांकडे पाहिलं. खिशातून टेप काढला, तिच्यासाठी खोलीत आणून ठेवलेल्या पलंगाच्या कडेवर बसलेल्या मावशीपुढे गुडघे टेकले आणि तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. शेकडो गिऱ्हाइकांची मापं एकदाच घेणाऱ्या मिस्त्रींनी हे माप तीनदा घेतलं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने केलेलं."

"मी विचारायचो ना गं, बरं आहे ना म्हणून!"

"विचारायचात. पण हसत हसत विचारायचात. नाही कसं म्हणू?"

त्याच दुपारी मिस्त्रींनी ती जाड गादी काढून टाकली, मला उलटं केलं आणि चारही पायांवर पेन्सिलीने खूण केली. करवत लागली तेव्हा मला दुखलं नाही. उशीर झाला एवढंच वाटत राहिलं. नंतर त्यांनी टेबलाचे पाय कापले, फळी खाली आणली, दिवा खाली घेतला. जमिनीवर भुशाचा ढीग पडला.

मग दोघांनी दोन्हीकडून धरून मावशीला आणलं आणि माझ्यावर बसवलं. तिचे पाय खाली गेले आणि टेकले. आख्खे टेकले. टाच, तळवा, बोटं. माझ्या कडेवर पूर्वीचा तो भार आलाच नाही. डावा तळवा तिने फरशीवर हळूच पुढेमागे घासला. उजवा तिच्या मनासारखा हलत नव्हता, तो तिने हातांनी उचलून डाव्याशेजारी ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "ही फरशी गार आहे."

बावीस वर्षं ती याच फरशीवर वावरली होती, पण शिवताना तिचा पाय जमिनीला कधी लागलाच नव्हता. मिस्त्री पटकन वळले आणि भुसा झाडायला लागले. झाडून झाल्यावरही झाडत राहिले.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरात कोणासाठी काही कराल तेव्हा त्या माणसाला आधी बसवून बघा. बरं आहे ना, असं विचारलंत तर उत्तरावर लगेच खूश होऊ नका. खाली वाकून पाय टेकलेत का तेही पाहा. आणि तुमच्यासाठी कोणी काही केलं आणि ते टोचत असेल, तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. समोरच्याला एक दिवस वाईट वाटेल. इथे आम्हा तिघांना रोज वाटतं.

ते चौदा ससे लेकीने शिवले. मावशीने त्यांना फक्त डोळे लावले, रोज एकाला. आता ती दिवसातून दहा मिनिटंच माझ्यावर बसते. मिस्त्री घड्याळाकडे बघतात आणि हात धरून तिला उठवतात. ती दहा मिनिटं फार सुखाची जातात. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, कात्री पडत नाही. बावीस वर्षं अशीच जाऊ शकली असती, म्हणूनच मला फार वाईट वाटतं.