पहिल्या दिवसासारखं

मुरोताने पेन खिडकीशी धरलं, टोपण उजेडात एकदा फिरवलं आणि लगेच खाली घेतलं. तेवढ्यात त्याला कळायचं ते कळलं होतं.

"बघा, साधा ओरखडा नाही," हानेदाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. पहिल्या दिवशी होतं तस्संच आहे."

दुसरा कुणी कारागीर हे ऐकून सुखावला असता. मुरोताचे कान मात्र तापले. उरुशीच्या झाडाचा चीक चढवलेलं पेन बावीस वर्षांनी पहिल्या दिवसासारखं राहत नाही. वरचा काळपट थर वर्षागणिक निवळत जातो आणि खालची लाली कडांशी उमटायला लागते. यामानाकासारख्या उरुशीकामाच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे पेन काळं ते काळंच होतं.

बाईंचे यजमान हेडमास्तर होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी हे पेन मुरोताकडून करून घेतलं होतं. वसंतात ते गेले.

"तुम्ही त्यांना म्हणाला होतात, दहा वर्षांत लाली दिसेल," बाई सांगत होत्या. "नव्या वर्षाच्या सकाळी दरवर्षी पेन घेऊन खिडकीशी उभे राहायचे. मग म्हणायचे, माझ्याच हातात खोट आहे, घाम फार येतो मला. जाताना बजावून गेलेत, मुरोतासानना विचार माझं काय चुकलं. आणि माफी माग."

त्यांनी चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ खाली नेलं.

"तुमची एवढी मेहनत आमच्याकडे वाया गेली. माफ करा."

आत चहा ओतणाऱ्या कियोचा हात थांबला. बायकोकडे बघायची मुरोताला हिंमत झाली नाही. उरुशी दमट हवेतच वाळते; त्या वर्षी या पेनाचा शेवटचा थर त्यासाठीच्या ओलसर कपाटात सुकताना सुरकुतला होता. मास्तरांचा निरोपसमारंभ चार दिवसांवर आलेला. घासून पुन्हा उरुशी चढवायची म्हणजे दोन महिने. त्याने कारखान्याचं व्हार्निश मारलं आणि खाली सोन्याने आपलं नाव घातलं. त्यानंतर घरात हा विषय कधी निघाला नाही.

"उठा बाई, उठा. काही पेनांना वेळ लागतो," तो बोलून गेला.

"खरंच?" बाईंचा चेहरा फुलला. "म्हणजे अजून येईल? मग मी बघत जाईन. अठ्ठ्याहत्तर चालू आहे मला, पण बघत जाईन."

मुरोताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही म्हातारी आता दरवर्षी खिडकीशी उभी राहणार होती.

"नाही येणार," तो म्हणाला. जीभ रेटत नव्हती. "कधीच नाही येणार. वरचा थर उरुशीचा नाही. घाईत व्हार्निश लावलं मी. मास्तरांचं काही चुकलं नव्हतं."

बाईंनी पेन उचलून खालच्या सोनेरी नावावरून अंगठा फिरवला.

"मी नवं करून देतो. अस्सल."

"त्यात लाली कधी दिसेल?"

"दहा वर्षांनी," तो पुटपुटला. स्वतःचीच लाज वाटून त्याने मान खाली घातली.

बाईंनी पेन रुमालात गुंडाळलं.

"मी सांगून त्यांना पटायचं नाही. म्हणतील, माझं मन राखायला काहीतरी रचतेयस. तुम्हीच चला घरी. त्यांच्या फोटोसमोर बसून तुमच्या तोंडाने सांगा. चार दहाची बस आहे."

मुरोताने ॲप्रन सोडला. कियो बाहेर आली, पण चहा न घेता. तिने त्याचे धुतलेले मोजे त्याच्यापुढे ठेवले आणि खुंटीवरून स्वतःचा कोट काढला.

"तू कशाला?"

"लावा व्हार्निश, मास्तरांना काय कळतंय, असं मीच म्हटलं होतं ना," कियो म्हणाली आणि कोटाची बटणं लावायला लागली.