अंगावरचं काम

सत्यशीलानं काट्याचं फाटक बाजूला ओढलं, आत येऊन ते पुन्हा जागेवर लावलं आणि ती अंगणातच उभी राहिली. केशरबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फाटकाचा आवाज तिनं ऐकला होता. तिची बोटं जराशी थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"मावशी," सत्यशीला म्हणाली.

वर्ष होत आलं, या दोन घरांत बोलणं नव्हतं. जालन्याला बायपासजवळ एका इमारतीचा स्लॅब भरताना त्याला खालून धरणारं सेंट्रिंग, टेकू-फळ्यांचा सांगाडा, कोसळलं आणि त्याखाली दोघं सापडून मेले: सत्यशीलाचा नवरा सुग्रीव आणि केशरबाईचा एकुलता एक मुलगा बबलू. दोघांना एकाच गाडीतून गावात आणलं. सुग्रीवची आई गोपिकाबाई स्वतःचं रडं गिळून केशरबाईला धरायला गेली, तेव्हा केशरबाईनं सगळ्या गावासमोर तिचे हात झटकले होते. "तुझ्या लेकानं नेलं माझ्या लेकराला," एवढंच ती म्हणाली. पुढं हेच वाक्य ती हापशावर, गिरणीवर, कुणाच्या दहाव्याला गेली तर तिथंही म्हणत आली होती. सत्यशीलाच्या दारावरून जाताना तर तिची चाल मुद्दाम सावकाश व्हायची. आतली माणसं ऐकायची. कुणी बाहेर यायचं नाही.

कारण ते खोटं नव्हतं. बबलूला सुग्रीवनंच कामावर नेलं होतं.

"बस म्हणणार न्हाई मी," केशरबाई म्हणाली. "काय असंल ते उभ्यानं सांग."

"मुनशी आल्ता का तुमच्याकडं?"

"आल्ता."

"काय म्हणला?"

"ते तुला कामून सांगू?"

ठेकेदाराचा मुनशी अप्पाराव केशरबाईची साक्ष आपल्या बाजूला वळवायला येऊन गेला, हे सत्यशीलाला न सांगताही कळत होतं. दोन्ही घरांचे भरपाईचे दावे जालन्यात तृप्ती नावाच्या वकीलबाईंकडे होते. ठेकेदाराचं म्हणणं असं होतं की सुग्रीव त्याचा मजूर नव्हताच. त्या स्लॅबचं काम सुग्रीवनं ठरल्या रकमेत अंगावर घेतलं होतं, माणसंही त्यानंच आणली होती. मग त्याच्या मरणाचं देणं आमच्याकडे कसं? वकीलबाईंनी दोघींनाही वेगवेगळं बसवून समजावलं होतं. बबलूची भरपाई कशीही मिळेल, तो मजूरच होता. प्रश्न सुग्रीवचा आहे. रोजानं असेल तर मिळेल. अंगावर घेतलं असेल तर तो छोटा ठेकेदार धरला जाईल, आणि मग नाही.

"ते रोजानंच जात होते ना?" वकीलबाईंनी विचारलं होतं.

"हो," सत्यशीला फरशीकडे बघत म्हणाली होती. वकीलबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तसं लिहून घेतलं.

सुग्रीव शेवटचा घरी आला तो राजूरच्या गणपतीचे पेढे घेऊन. आता रोजंदारी बंद, म्हणाला. हा स्लॅब अंगावर घेतला. बराबर निघाला तर पुढचेही मिळतील. त्या रात्री त्यानं लहानग्या लेकीला, आकांक्षाला, खांद्यावर घेऊन सगळ्या घरातून फिरवलं होतं.

"मावशी, उद्या तुमची साक्ष हाये," सत्यशीला म्हणाली. "ते रोजानं व्हते, असं तुम्ही म्हणलात, तर..."

केशरबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

"खोटं बोलू?"

तिनं हातातली शेंग खाली टाकली.

"बबलूनं मला सोताच्या तोंडानं सांगितलं फोनवर. दादानं काम अंगावर घेतलं, आता मला बी जास्त देणार. हासून राह्यला व्हता. अन् मी कोर्टात उभी राहून म्हणू, न्हाई म्हणून? तुझ्या माणसासाठी?"

"त्यांनी अंगावर घेतल्तं. मला बी माहीत हाये," सत्यशीला म्हणाली. "मी तुमच्यापाशी खोटं बोलायला न्हाई आले. पर मामंजींच्यानं आता शेरडं बी वळून होत न्हाईत. पोरगी लहान हाये."

"माझं कोण हाये?"

सत्यशीला आली तशी फाटक उघडून, पुन्हा लावून बाहेर पडली.

घरी सासरा म्हस्कू दारात खाटेवर बसला होता. कुठून आली ते त्यानं विचारलं नाही.

"काय म्हणली?"

"काही न्हाई."

म्हस्कूनं मान हलवली. "तिच्या जागी मी असतो, तर म्या बी काही म्हणलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सत्यशीला सकाळच्या गाडीनं जालन्याला पोचली. कोर्टाच्या आवारात वकीलबाई तिची वाट बघत होत्या. केशरबाई गाडीत दिसली नाही, असं ती त्यांना सांगत होती, तेवढ्यात फाटकातून एक पांढरी जीप आत आली. पुढून अप्पाराव उतरला आणि त्यानं मागचं दार उघडून धरलं. केशरबाई खाली उतरली. अंगावर धुतलेलं हिरवट लुगडं, हातात पिशवी. अप्पारावनं ती पिशवी घेण्यासाठी हात पुढं केला. तिनं दिली नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढून तो ओढणीला पुसला आणि पुन्हा घातला. सत्यशीला भिंतीला टेकली.

आत न्यायाधीशांसमोर केशरबाईला उभं केलं तेव्हा तिनं पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. वकीलबाईंनी विचारायचं ते थोडक्यात विचारलं. मुलाचं नाव, वय, कोणतं काम करायचा. मग ठेकेदाराचे वकील उठले. वयस्क गृहस्थ, आवाज मऊ.

"आजी, तुमचा मुलगा तुम्हाला फोन करायचा?"

"करायचा."

"स्लॅबचं काम सुग्रीवनं अंगावर घेतलंय, असं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. बरोबर?"

केशरबाई समोरच्या टेबलाकडे बघत होती. वरचा पंखा कुरकुरत होता. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा सावकाश. ऐकायला कमी येतं की काय, असं समजून.

"न्हाई," केशरबाई म्हणाली. "रोजानं व्हते. दोघं बी."

मागच्या बाकावर अप्पारावची हालचाल झाली. वकिलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"आजी, घाबरू नका. आठवून सांगा. तुमच्या मुलाला त्या कामावर नेलं कोणी? गावात तर तुम्ही वर्षभर सांगता आहात."

सत्यशीलानं डोळे मिटून घेतले. हे वाक्य तिनं घरात बसून किती वेळा ऐकलं होतं. आता ते इथं, लिहून घेणाऱ्यासमोर, निघणार होतं.

"ठेकेदारानं," केशरबाई म्हणाली.

"सुग्रीवनं नाही?"

"न्हाई. सुग्रीवनं न्हाई नेलं. तो बी माझ्या लेकरासारखाच कामाला गेल्ता." आणि कुणी न विचारता ती पुढं म्हणाली, "लोखंडी टेकू मागितले व्हते त्यांनी. ठेकेदारानं दिले न्हाईत. जुन्या लाकडी बल्ल्या लावा म्हणले."

बाहेर आल्यावर वकीलबाई सत्यशीलाला हळूच म्हणाल्या, "आता होईल तुमचं." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मात्र नव्हता. अप्पाराव आणि जीप केव्हाच निघून गेले होते. केशरबाई उन्हात एकटीच बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली होती.

सत्यशीलानं तिला स्टँडवर गाठलं. केशरबाई खांबाच्या कट्ट्यावर बसली होती. सत्यशीला तिच्या पायाशी वाकली. पायाला हात लागायच्या आत केशरबाईनं पाय आत ओढून घेतले.

"नको. तुझ्यासाठी न्हाई बोलले मी."

सत्यशीला तिच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली.

"येताना गाडीत तो मुनशी सांगून राह्यला व्हता," केशरबाई म्हणाली. "सुग्रीव लालची व्हता म्हणे. पैशापायी बल्ल्या कमी लावल्या म्हणे, म्हणून पोरगं मेलं तुमचं. माझ्या बबलूनं मला सगळं सांगितलं व्हतं, दादा टेकू मागू मागू थकला म्हणून. तरी मी शिव्या दिल्या. माझं लेकरू गेलं, मी दिल्या. त्यानं कामून द्याव्या?"

समोरून परतूरची गाडी गेली. धूळ उडाली, तरी तिनं तोंडाला पदर लावला नाही.

"वर्षभर माझ्या तोंडात एक नाव व्हतं. सकाळी उठले की ते नाव घ्यायचे अन् चुलीला लागायचे. आता सरकारच्या माणसासमोर बोलून बसले, त्यानं न्हाई नेलं म्हणून. आता उद्या उठून काय करू मी, सांग बरं."

सत्यशीलानं तिच्या लुगड्यावरची धूळ झटकायला हात पुढं केला.

"माझ्या दारात येऊ नको," केशरबाई म्हणाली.

गावाकडची हसनाबादची गाडी लागली तशी गर्दी दाराशी धावली. सत्यशीलानं खिडकीतून रुमाल टाकून दोघींपुरती जागा धरली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. केशरबाई मागाहून चढली. तिनं ती जागा पाहिली आणि पुढं जाऊन दांड्याला धरून उभी राहिली.

"कोणी हाये का इथं?" एका माणसानं विचारलं.

"हाये. बाई येऊन राह्यली."

गाडी निघाली. राजूरला बरीच माणसं उतरली, बाकं रिकामी झाली, तरी केशरबाई बसली नाही. गाडी वळणं घेत होती तशी ती दांड्यासकट हलत होती. सत्यशीलानं शेजारच्या जागेवर तळहात ठेवला होता. तो तिनं गाव येईपर्यंत उचलला नाही.